गोफण्याचा पावसाळा

काल दुपारी ओसरीवर चहा घेत बसलो होतो. भाद्रपदातलं ते चिकट ऊन. सकाळी भुरभुर येऊन गेलेली, अंगणातली माती वाफ सोडत होती. एवढ्यात मनगटावर गोमाशी येऊन बसली. आता गोमाशी म्हणजे काही वाघ नव्हे. ज्या घरात जनावरं आहेत तिथं ती घरच्यासारखी येते-जाते. पण मी इतक्या जोरात हात झटकला की निम्मा चहा पायजम्यावर सांडला. आतून बायको ओरडली, "काय वो, इंचू चावला का काय?" मी म्हणालो, "काही नाही, माशी." त्यावर एरवी तिनं माझी चांगली फिरकी घेतली असती. काल मात्र तिनं नुसता दुसरा कप आणून ठेवला.

औंधच्या यमाईचा डोंगर माझ्या ओसरीवरून दिसतो. पावसाळ्यात तो हिरवा होतो आणि लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. मला मात्र अलीकडे हिरवं बघितलं की धसका बसतो. हिरवं म्हणजे ओल, ओल म्हणजे डास, माश्या, गोचीड. माझं डोकं आता असंच चालतं, त्याला मी काय करू?

माझी ओळख सांगायची राहिली. बैलगाड्यांच्या मैदानात उंच मचाणावर बसून, एका हातात माईक आणि दुसऱ्या हातानं टोपी सावरत जो माणूस घसा फाडत असतो ना, तो मी. मैदान म्हणजे आमच्याकडे शर्यत. सातारा-सांगलीकडचे शौकीन मला अण्णा म्हणतात, आणि माझ्या आवाजाला काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. दिवाळी झाली की माझं राज्य सुरू होतं ते वळीव कोसळेपर्यंत. मग चार महिने माईक पोत्यात गुंडाळून माळ्यावर. बायको म्हणते, देवानं पावसाळा तिच्या कानांसाठीच केलाय.

लोकांना वाटतं, मैदान बंद म्हणजे शौकिनाला सुट्टी. अहो, कसली सुट्टी! खरा शौकीन पावसाळ्यातच कामाला लागतो. मोठे, नावाजलेले बैल सगळ्यांनाच ठाऊक असतात. त्यांना बघायला माणूस लागत नाही, गर्दी पुरते. जीव अडकतो तो आदतांत. दुधाचे दात अजून पडले नाहीत अशा खोंडाला आमच्याकडे आदत म्हणतात. दोन पक्के दात आले की तो दुसा होतो, त्याच्यानंतर चौसा. आदतांची शर्यत वेगळी लावतात, किंवा एका जाणत्या बैलाबरोबर एक आदत जुंपतात. आज ज्याला कुणी ओळखत नाही तो पुढं सगळ्यांना धूळ चारणार की गोठ्यात नुसती पेंड खात बसणार, हे पावसाळ्यात ताडायचं असतं. कुणाच्या गाईचा, कुठल्या वळूचा, कान कसे टवकारतो, पाऊल कसं टाकतो. फोनवर आमचा एक ग्रुप आहे. तिथं दिवसभर वासरांचे व्हिडिओ आणि त्यांच्यावरून भांडणं. माझे अंदाजही काही फार थोर नसतात. एका खोंडाला मी अख्खा पावसाळा वाऱ्याचा पोरगा म्हणत फिरलो, आणि पहिल्याच मैदानात झेंडा पडला तेव्हा तो पठ्ठ्या निवांत उभा राहून मुतला. वर्षभर लोक मला त्याची आठवण करून देत होते.

गोफण्याच्या बाबतीत मात्र माझा अंदाज चुकला नव्हता. ते आजही मी ठणकावून सांगतो.

गोफण्या फौजीचा. फौजी म्हणजे आटपाडीच्या अलीकडं, माळावर वस्ती करून राहणारा माझा दोस्त. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. पलटणीतून हवालदार म्हणून परत आला, थोडी डाळिंबं लावली, आणि उरलेला सगळा जीव खिलार जनावरांत घातला. त्याच्या गोठ्यात कपिली नावाची गाय, तिच्या दोन कालवडी, एक म्हातारा बैल आणि कपिलीचा गोफण्या. पांढरा, अंगानं शेलाटा, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड. गोफणीतून दगड सुटावा तसा दावं सोडलं की सुटायचा, म्हणून हे नाव. फौजी त्याच्याशी अर्धं हिंदीत बोलायचा. "आराम से, बेटा, आराम से" म्हटलं की गोफण्या खरंच थांबायचा. त्याची बायको सुनंदावहिनी म्हणायची, "बैलाशी हिंदी आन माझ्याशी निस्ती हूं-हूं!"

फौजीची जनावर पारखायची एक पद्धत होती. तो डोळे मिटायचा. वशिंडापासून तळहात टेकवायचा आणि पाठ, फऱ्या, मांड्या, पोटऱ्या असा सगळ्या अंगावरून सावकाश फिरवत खुरापर्यंत आणायचा. मला म्हणायचा, "अण्णा, डोळं फशिवत्यात. हाताला कळतंय." मलाही त्यानं तसा हात फिरवायला लावला होता. त्या कातडीखाली काहीतरी सारखं थरथरत होतं. भीती नव्हती ती. पळायची घाई होती.

गोफण्या एकच मैदान पळाला. उन्हाळ्याच्या शेवटी, एक आदत एक बैल असं मैदान होतं. गटात पहिला आला. सेमीफायनलला त्याच्या जोडीचा बैल बिचकला आणि गाडी बाहेर गेली, पण तोवर ज्यांनी बघायचं त्यांनी बघितलं होतं. मी माईकवर काय ओरडलो ते मला आठवत नाही. शेवटी शब्द संपले आणि मी नुसता "गोफण्या, गोफण्या, गोफण्या" एवढंच म्हणत राहिलो, असं लोक सांगतात. तेवढ्यात पावसाळा आला आणि मैदानं थांबली. मग ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये तोच व्हिडिओ. दिवाळीनंतर हे पोरगं काय करणार, याचीच चर्चा.

भीती तेव्हाच फौजीच्या घरात आली होती, पण गोड होती. दृष्ट लागायची भीती. सुनंदावहिनी रोज मीठ-मोहऱ्या उतरून टाकायची. गोफण्याच्या पुढच्या पायात काळा गोंडा बांधला होता. अनोळखी माणूस बांधावर दिसला की फौजी घोंगडं टाकून खोंडाला झाकायचा. मी त्याची टर उडवायचो, "अरं, नवरी हाय का काय ती?" तो हसायचा, पण घोंगडं काढायचा नाही.

मग एके दिवशी ग्रुपवर एक फोटो आला. फलटणकडच्या कुणाची तरी गाय. सगळ्या अंगावर गाठी. खाली एकच शब्द लिहिला होता : लंपी.

डास-माश्यांतून जनावरांत पसरणारा रोग. त्या दिवसापासून आमचा ग्रुप बदलला. पळणाऱ्या वासरांचे व्हिडिओ बंद झाले. यायला लागले ते कातडीचे फोटो. मानेचे, पोटाचे, कासेचे, जवळून काढलेले. खाली प्रश्न, "ही गाठ हाय का गोचीड चावलाय?" एरवी एकमेकांच्या बैलाला गाढव म्हणणारी माणसं आता एकमेकांना धीर देत होती. तेच मला सगळ्यात भयानक वाटलं. बाजार बंद झाले, मैदानं होणार नाहीत असं जाहीर झालं. गोठ्यांच्या तोंडाशी चुन्याचे पट्टे आले. बाहेरच्या माणसानं यायचं नाही. संध्याकाळी सगळ्या शिवारात कडुलिंबाच्या पाल्याचा धूर कोंडायचा. डोळे चुरचुरायचे, आणि त्या धुरातून कुठं जनावर खोकलं की बोलता बोलता माणसं थांबायची.

आणि तो जेसीबीचा आवाज. आमच्याकडं तो विहिरीला यायचा, शेततळ्याला यायचा. पोरं त्याच्यामागं पळायची. त्या पावसाळ्यात तो दुपारच्या वेळी कुणाच्या तरी रानात खड्डा काढत घरघरायला लागला की आम्ही मनातल्या मनात ते रान कुणाचं ते हेरायचो. विचारायचं कुणी नाही. संध्याकाळी त्या घरातली बाई नुसतीच दारात बसलेली दिसायची, आणि दावणीचा एक खुंटा मोकळा.

मी फौजीकडे गेलो तो बांधावरच थांबलो. तो गोठ्याच्या दारात, मध्ये सगळं आवार. आम्ही दोघं एकमेकांना ओरडून सांगत होतो.

"खातोय का?" मी.

"खातोय! पर रातचं डोळं लागत न्हाईत, अण्णा! निस्ता हात फिरवत बसतोय!"

पाठीमागं गोफण्या दिसला. माझा आवाज ऐकून त्यानं कान टवकारले होते. फौजीचा हात त्याच्या पाठीवरच होता. ज्या हातानं तो ताकद शोधायचा, त्याच हातानं आता गाठ शोधत होता. घरी येईपर्यंत मी गाडीवर काय विचार करत होतो सांगू? मी त्या हाताला मनात विनवत होतो, काही सापडू देऊ नको रे बाबा.

लस आली. खरं तर ती शेळ्यांच्या देवीची लस, पण गाई-बैलांनाही लंपीसाठी तीच टोचत होते. आता आमच्या शौकिनांचं डोकं बघा. साध्या जनावराला टोचायला कुणाचीच ना नव्हती. पण शर्यतीच्या खोंडाला? छे! एक बोलवा सुटली होती की लस टोचली की ताप भरतो, मानेवर गाठ येते आणि बैल कायमचा मंदावतो. ही बोलवा कुठून आली कुणाला माहीत नाही, पण गावोगावच्या गोठ्यांत तेच चाललं होतं. जनावरांच्या दवाखान्याची गाडी दिसली की म्हशी, गाई, म्हातारे बैल पुढं आणायचे, आणि पळणारं जनावर उसात नाहीतर मागच्या छपरात नेऊन बांधायचं. ज्याच्यावर जास्त जीव, त्याला सुई नाही.

फौजीच्या गोठ्यात काय घडलं ते मला वहिनीनं नंतर सांगितलं. डॉक्टरबाई बर्फाचा डबा घेऊन आल्या. कपिलीला टोचलं, कालवडींना टोचलं, म्हाताऱ्या बैलालाही टोचलं. मग त्यांनी गोफण्याकडं बघितलं. फौजी मध्ये उभा राहिला.

"ह्येला नको, मॅडम."

"का? हाच तर तरुण आहे."

"शेळीची लस माज्या खोंडाला? शेळी हुईल त्येची! दिवाळीला मैदान हाय."

"दिवाळीला मैदान होणार नाही, दादा. आणि लस टोचून कुठलंही जनावर मंदावत नाही."

"ते तुमी म्हंता. त्यो पळतोय ते म्या बगितलंय."

वहिनी मध्ये पडली. म्हणाली, "आवं, फौजेत तुमास्नी किती सुया टोचल्या. तुमी मंद झालासा का?" त्यावर फौजी तिच्यावर खेकसला. आयुष्यात पहिल्यांदा, असं ती म्हणाली. डॉक्टरबाईंना अजून पुष्कळ वस्त्या करायच्या होत्या. डबा बंद करून त्या गेल्या.

त्याच्यानंतर काही दिवस बरे गेले. त्या बऱ्या दिवसांची भीती वेगळीच असते. फोन वाजला की दचकायचो, आणि वाजला नाही की सारखा उचलून बघायचो. मी उगाच फोन करून विचारायचो, "पाऊस हाय का तिकडं?" फौजीला कळायचं. तो म्हणायचा, "हाय की, खातोय." पावसाचं उत्तर कुणीच द्यायचं नाही.

आणि एका सकाळी त्याचाच फोन आला. आवाज एकदम हळू. "अण्णा, कान पाडल्यात त्येनं."

बस्स. एवढंच.

दुपारपर्यंत ताप भरला. डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ. दुसऱ्या दिवशी मानेवर, मग फऱ्यावर, मग सगळीकडं. डॉक्टरबाई पुन्हा आल्या. एक शब्द उलट बोलल्या नाहीत. सुया दिल्या, औषधं दिली, पायाची सूज शेकायला सांगितली. वहिनी विड्याची पानं, मिरी आणि गूळ कुटून त्याच्या जिभेला लावत होती. फौजीनं पेटीतून आपली पलटणीतली मच्छरदाणी काढली आणि चार बांबू रोवून त्याच्यावर बांधली. व्हिडिओ कॉलवर मी ते बघितलं. हिरव्या जाळीच्या आत ते पांढरं अंग दिसत होतं. पुढचे पाय खांबासारखे सुजलेले. पायातला काळा गोंडा सूज आल्यावर कापून टाकला होता. फौजी जाळीच्या आतच बसला होता. म्हणाला, "अण्णा, तुमी बोला. तुमचा आवाज वळकतोय त्यो."

त्यानं फोन खोंडाच्या कानाला लावला. मी, ज्याचा आवाज चार गावांना ऐकू जातो, त्यानं फोन तोंडाजवळ धरला. अगदी हळू म्हणालो, "गोफण्या... गोफण्या." पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. घरघर होती त्यात. मी फोन धरून ओसरीवर बसलो होतो, समोर यमाईचा डोंगर. इतकी वर्षं तिच्याकडं मी हा बैल पळू दे, तो बैल जिंकू दे असलंच काहीबाही मागत आलो. त्या दिवशी म्हणालो, आई, पळायचं राहू दे. नुसतं पेंडीला तोंड लावू दे.

नाही लावलं त्यानं.

त्यानंतरच्या फोनवर फौजी काहीच बोलला नाही. मी "हॅलो, हॅलो" करत राहिलो. मग मला मागून घरघर ऐकू आली. आधी वाटलं खोंडाचाच श्वास. नंतर ध्यानात आलं, तो जेसीबी होता. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. त्यानंही कट केला नाही. आवाज थांबेपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो.

दिवाळी झाल्यावर, बंदी जरा सैल झाली तेव्हा मी त्याच्याकडं गेलो. गोठ्यात कपिली रवंथ करत होती. दोन्ही कालवडी, म्हातारा बैल, सगळे ठणठणीत. ज्यांना सुई टोचली ते सगळे उभे होते. गोफण्याची जागा वहिनीनं शेणानं सारवून ठेवली होती, खुंटा मात्र काढला नव्हता. फौजी त्या खुंट्याशेजारी बसला. बराच वेळ तो काडीनं जमीन टोकरत होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "टोचलं असतं तर मंद झाला असता, म्हंत हुते."

त्यानं काडी मोडून टाकली.

"मंद तर मंद, अण्णा. असता तर खरं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि रडलो. दोघंही रडलो, त्यात लाजायचं काय!

आता मैदानं पुन्हा भरतात. मी ओरडतो, लोक टोप्या उडवतात. पण पावसाळा आला की पहिल्यासारखी मजा येत नाही. ग्रुपवर एखाद्या आदताचा व्हिडिओ आला की पोरं म्हणतात, काय पळतंय! मी व्हिडिओ थांबवून बोटांनी मोठा करतो आणि आधी कातडी बघतो. कधी कधी वाटतं, आपलं बघायचं सुखच गेलं. भीतीची अशी सवय लागते की ती नसली तरच चुकल्यासारखं वाटतं.

आणि यंदा कपिलीला पुन्हा गोऱ्हा झाला. पांढरा, डोळ्यांभोवती तीच काळी कड. फौजीनं कुणाला सांगितलं नाही, फोटो टाकला नाही. मला कळलं ते वहिनीकडून. या खेपेला डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात सगळ्यात आधी जाऊन उभा राहिला तो फौजी. बाई म्हणाल्या, "दादा, फार लहान आहे. इतक्या लहान वासराला टोचत नाहीत. थोडं थांबा." लस होती, टोचायची घाई होती, तर वासराचं वय नव्हतं! मग पुन्हा तेच दिवस. धूर, चुना, तीच जुनी हिरवी मच्छरदाणी, आणि फौजीचा हात.

परवा एकदाची सुई टोचली. आणि काल, मी माशी झटकली त्याच्यानंतर थोड्याच वेळानं, फोन वाजला.

"अण्णा, मानंवर गाठ आलीया."

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "डॉक्टरबाई काय म्हणतात?"

"सुईची हाय म्हंत्यात. जिरंल म्हंत्यात. पर तुमी या. माज्या हाताव माजा इस्वास न्हाई ऱ्हायला."

ज्यानं मला बांधावर थांबवलं होतं त्यानंच मला गोठ्यात बोलावलं. मी गाडी काढली. माळावर ढग खाली आले होते, रस्त्याच्या कडेला गवत कमरेएवढं. गोठ्याच्या तोंडाशी वहिनीनं कडुलिंबाच्या पाण्यानं माझे हात-पाय धुतले. चुन्यावरून आत गेलो. मच्छरदाणी वर केली. फौजी भिंतीला टेकून उभा होता, इतका मोठा फौजी, पण जवळ यायचं त्याला धाडस होईना. मी डोळे मिटले आणि तळहात टेकवला. पाठ. फऱ्या. पोट. मांड्या. पोटऱ्या. कुठंही थांबायला लागू नये, असं घोकत होतो; इतक्या सावकाश मी कधी हात फिरवला नव्हता. कातडीखाली तेच थरथरणं होतं. मानेपाशी मात्र बोटाखाली ती आली. भिजवलेल्या हरभऱ्याएवढी, टोचल्या जागी. एकच. मी पुन्हा पहिल्यापासून हात फिरवला. एकच.

"एकच हाय रं," मी म्हणालो. "सुईचीच."

फौजी भिंत सोडून जवळ आला. गोऱ्ह्यानं माझं मनगट चाटलं. मी विचारलं, "नाव काय ठेवलंस?"

"न्हाई ठिवलं," तो म्हणाला. "नाव ठिवलं की तुमी माईकवर घेणार."

रात्री मी घरी परतलो, पण झोप कुठली. आज सकाळपासून हे लिहीत बसलोय ते फोनकडं बघायचं टळावं म्हणून. आत्ता तो वाजला. उचलायला माझा हात जाईना. शेवटी बायकोनं उचलून माझ्या कानाला लावला.

"अण्णा, गाठ जिराय लागलीया," फौजी म्हणाला.

मी डोळे पुसले. मग तो जुन्याच काळजीनं, अगदी हळू आवाजात म्हणाला, "पर जरा मंद वाटतोय वो."

"असू दे की रं मंद," मी म्हणालो.

त्याच्या मागून वासराचं हंबरणं ऐकू आलं.

"व्हय," फौजी म्हणाला. "हाय न्हवं."